कप्तानाच्या बाहीवरचे नऊ टाके

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला फार चांगली समजायला नको. एका बाईचा नवरा युद्धात समुद्रात गेला. त्याच्या हातचं म्हणून तिला दाखवण्यासारखं जगात एवढंच उरलं होतं: त्याच्या कप्तानाच्या पांढऱ्या कोटावर, उजव्या बाहीला, कोपराच्या वर त्यानं घातलेले नऊ टाके. ते मी ब्लेडनं उसवले. चुकून नाही, अगदी मन लावून उसवले, आणि त्या जागी असं रफू केलं की शोधून सापडू नये. वर स्वतःवर खूश होऊन कॉफी प्यायले.

आमचं दुकान इकडे कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. आम्ही शिंपी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर तंबू शिवत इकडे आलो आणि इथलेच झालो, असं घरात सांगतात. आजोबांनी छावणीतल्या गोऱ्या साहेबांचे कोट शिवले, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या साहेबांचे. मी एकुलती एक. लग्न केलं नाही. मला पाहायला जे जे आले त्यांना मी बोलले, आणि ते परत आले नाहीत, एवढीच ती हकिकत. अण्णांचे हात थरथरायला लागले तशी कात्री माझ्या हातात आली. ही नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं. रस्त्यावर तयार कपड्यांची दुकानं निघत होती आणि आमच्याकडे येणारी माणसं म्हातारी होत चालली होती.

त्यातलेच एक कमांडरसाहेब. आमच्यासारखेच इकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, म्हणजे मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत थोडंला 'स्वल्प' आणि बरंला 'सरी' म्हणणारे. एकाहत्तरच्या युद्धात ते एका विनाशिकेचे कप्तान होते. पुढे नोकरी संपली, बायको गेली, मुलगी परदेशात. येलहंक्याच्या पुढे एका छोट्या घरात एकटे राहायचे आणि पंधरवड्यातून एकदा बसनं दुकानात यायचे. कधी पँटचा काठ आखूड करायचा, कधी शर्टाची कॉलर उलटवायची. काम निमित्तालाच. खरं तर त्यांना आमच्या खिडकीजवळची वेताची खुर्ची हवी असायची.

त्या खुर्चीत बसले की पाचव्या मिनिटाला त्यांचा डोळा लागायचा. मी एकदा तोंडावरच विचारलं, "साहेब, घरी पलंग नाही का?"

"आहे हो अक्का. पण पलंगावर झोप येत नाही," ते म्हणाले. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, तरी मला अक्का म्हणायचे. "युद्धात तेरा दिवस ब्रिजवरच्या खुर्चीत झोपलो. ब्रिज म्हणजे जिथून जहाज चालवतात ती उंच जागा. कप्तानानं खाली केबिनमध्ये जायचं नसतं. तेव्हापासून पाठ टेकली की वाटतं, वर कुणी नाही, जहाज आपलं आपण चाललंय."

मग अर्धवट झोपेत असल्यासारखे बोलत राहायचे. अठराव्या वर्षी घरातून निघाले तेव्हा उलसूरच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या सफरीत सहा दिवस ओकत होते, आणि सातव्या दिवशी मुसंबी खाल्ली तिची चव अजून जिभेवर आहे म्हणायचे. मग एकेक बढती. खांद्यावरची एकेक सोनेरी पट्टी आमच्या अण्णांनीच बसवलेली, म्हणून तो सगळा चढ अण्णांना तोंडपाठ. आणि मग ती विनाशिका. "नाव एवढं भयंकर, जहाज मात्र म्हातारं," साहेब सांगायचे. "दुसऱ्यांनी वापरून विकलेलं. बॉयलर गळायचे. वेग वाढवला की सगळं अंग थरथरायचं, आणि आम्ही दोनशेच्या वर माणसं त्याला आतल्या आत चुचकारायचो, चल बाबा, एवढं आज चल." तिला घेऊन ते पूर्वेच्या समुद्रात फिरत होते. मालवाहू जहाजं अडवायची, कागद तपासायचे, आणि रात्रंदिवस पाण्याखाली कान लावून बसायचं, पाणबुडी असेल म्हणून. पाण्यात 'टिंग' असा आवाज सोडायचा आणि तो कशावर तरी आपटून परत येतो का ते ऐकायचं.

"परत आला तर?" मी विचारायची.

"नाही आला तर बरं असायचं," ते म्हणायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे.

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, अजूनही एकदाच पाहिलाय. पण त्या दुपारी टेबलावर गणवेशाचं जाड पांढरं ड्रिल कापड पसरलेलं असायचं, इस्त्रीची वाफ खिडकीतल्या उन्हात वर चढत असायची, बाहेर बसचे कंडक्टर ओरडत असायचे आणि ते ओरडणं हळूहळू दूर जायचं. साहेबांचा आवाज तेवढा उरायचा. मला खरंच टेबल हलल्यासारखं वाटायचं. कापडावरून खडू ओढताना मी कितीदा थांबले असेन, की आता रेघ वाकडी जाईल. मला ते दिवस फार आवडायचे. आईशप्पथ, त्या माणसाच्या बोलण्यावर माझा जीव जडला होता, बाप नसलेल्या पोरीचा जडावा तसा, आणि माझा बाप तर शेजारी बसून बटणं लावत होता.

अशाच एका दुपारी ते एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन आले. आत पांढरा बंद गळ्याचा कोट, अण्णांनीच शिवलेला. म्हणाले, पुढच्या महिन्यात जहाजावरची जुनी माणसं त्यांच्या घरी जेवायला जमणार आहेत, तेव्हा हा घालायचा आहे. "पोट वाढलंय. कंबरेत स्वल्प सैल करा. बाकी कशाला हात लावू नका."

आता आमच्या दुकानाचा एक नियम आहे, आजोबांपासूनचा. कपडा आला त्याहून बरा होऊन बाहेर पडला पाहिजे. कंबर सैल करायला आलेल्या कोटाचं बटण ढिलं असेल तर ते न सांगता घट्ट करायचं. काठ उसवला असेल तर शिवायचा. त्याचं बोलून दाखवायचं नाही. आणि या कोटाच्या बाहीवर काय होतं! बोटभर लांब फाटलेलं, आणि त्यावर पोतं शिवल्यासारखे जाड मेणाच्या दोऱ्याचे नऊ टाके. मळके, तिरके, एकमेकांशी भांडण असल्यासारखे. अय्यो, माझ्या अंगावर काटाच आला. अण्णांच्या हातच्या कोटावर हे? आणि हे घालून साहेब चारचौघांत जाणार? "हात लावू नका" म्हणाले ते भिडेपोटी, असं मी ठरवून टाकलं. मला कुठं विचारायची सवय?

कंबर उलगडली तेव्हा आतल्या शिवणीतलं कापड मिळालं, अण्णा नेहमी दोन बोटं सोडायचे. त्याच कापडाचे दोरे उपसले आणि एकेक दोरा उभा-आडवा विणत रफू केलं. दोन दिवस लागले. मग नीळ दिली, वाफ दिली, जड इस्त्री फिरवली. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं रफू ते. जुना दोरा केरात गेला, आणि शनिवारी गादीवाला नेहमीसारखा सगळ्या चिंध्या घेऊन गेला.

साहेब आले. कोट अंगात घातला, आरशात पाहिलं, खूश झाले. मग त्यांचा डावा हात उजव्या बाहीवर गेला. आंधळा माणूस चाचपतो तशी त्यांनी ती जागा चाचपली. एकदा, दोनदा. मला वाटलं, आता म्हणतील, वा अक्का.

"इथले टाके?" ते म्हणाले.

मी दात काढून सांगितलं, "सापडतात का बघा!"

ते खाली बसले. वेताच्या खुर्चीत नाही, गिऱ्हाइकांच्या बाकावर, आणि कोटाची बटणं काढायचंसुद्धा त्यांना सुचेना. मग बोलायला लागले, आणि त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

युद्धाच्या नवव्या दिवशी वाफेचा नळ फुटून इंजिनातली दोन माणसं भाजून गेली. बंदरात परतायची सोय नव्हती, म्हणून त्यांना समुद्रातच सोडायचं ठरलं. अशा वेळी कप्तान पांढरा गणवेश घालतो. जहाजावरचा एक खलाशी, कोकणात खाडीकाठच्या गावचा, त्यानं दोघांना शिडाच्या कापडात शिवून तयार ठेवलं होतं. साहेब शिडी उतरताना बाही लोखंडी हुकात अडकून फाटली. सगळे रांगेत उभे. तो खलाशी पुढे आला, त्याच्या हातात तीच सुई होती आणि उरलेला दोरा. म्हणाला, साहेब, उभे राहा, असं फाटक्यानं जाऊ नका त्यांच्यासमोर. आणि मग म्हणाला, अंगावर शिवतोय, तोंडात दोरा धरा.

हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं. अंगावरचं कापड अंगावरच शिवलं तर ज्याच्या अंगावर आहे त्याला ते बाधतं. म्हणून त्यानं शिवून होईपर्यंत तोंडात दोरा नाही तर काडी धरायची आणि बोलायचं नाही. आमच्या दुकानात अजून कुणाचं बटण अंगावर लावायचं झालं तर अण्णा आधी दोऱ्याचा तुकडा पुढे करतात, मग तो मोठा साहेब असो की कोणी.

"मी हसलो," कमांडरसाहेब म्हणाले. "म्हटलं, कप्तान तोंडात दोरा धरून उभा राहील? आटप. तर तो म्हणाला, मग तुमच्या बदली मी धरतो. आणि त्यानं स्वतःच्या तोंडात धरला. नऊ टाके घातले."

तीन दिवसांनी, संध्याकाळचं ऊन पाण्यावर आडवं पडलेलं असताना, ती 'टिंग' परत आली. साहेबांनी पूर्ण वेगात जहाज जोरात वळवायला सांगितलं. म्हातारं जहाज एका अंगावर कललं आणि मागच्या डेकवरून लाट गेली. पाणबुडीवर टाकायच्या बॉम्बांपाशी तो खलाशी उभा होता. तो गेला. मागून ओरडा आला, माणूस पाण्यात! साहेबांनी थांबवलं नाही. पाणबुडी खाली असताना थांबलेलं जहाज म्हणजे दोनशे माणसांचा जीव. एक लाइफबॉय, बुडणाऱ्यानं धरायचं तरंगतं कडं, फेकायला लावली आणि पुढे गेले. पाऊण तासानं त्याच जागी परतले तेव्हा लाइफबॉय तरंगत होती, रिकामी.

"आणि पाणबुडी?" अण्णांनी विचारलं.

"माहीत नाही, मास्तर. माशांचा थवासुद्धा असेल. आजपर्यंत कळलं नाही."

त्यानं माझा दोरा तोंडात धरला, असं ते दोन-तीनदा म्हणाले. पुढे त्याच्या बायकोला त्यांनी पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं नाही. वीस-बावीस वर्षांत त्यांचं तिच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. आता जेवणाला ती येणार होती, जुन्या सोबत्यांपैकी एक जण तिला गावाहून घेऊन येणार होता. साहेबांनी तिला लिहिलं होतं, तुमच्या नवऱ्याच्या हातचं काम माझ्या कोटावर आहे, मी ते तसंच ठेवलंय, ते तुमचं आहे, घेऊन जा. "तिचा माणूस मी परत आणू शकलो नाही," ते म्हणाले, "आणि आता हेही नाही. काय दाखवू तिला?"

माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तोंडाळ बाई, मला भांडण जमतं. पण ते "परवागिल्ल, परवागिल्ल", असू दे, असू दे, म्हणत उठले आणि कोट बाकावर काढून ठेवून निघून गेले. मी गादीवाल्याकडे धावत गेले. कापूस, चिंध्या, सगळं केव्हाच गादीत भरून शिवलेलं. रस्त्यात उभी राहून रडले. लाज वाटली नाही.

परत आले तर अण्णा कोट मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "रफू काढ."

"अण्णा, दोरा गेला."

"दोरा गेला, भोकं कुठं जातील? सुताच्या ड्रिलमध्ये मेणाचा दोरा वीस वर्षं बसलाय. इस्त्रीनं दाबलंस म्हणून दिसत नाहीत. भिजव, पिळू नको, इस्त्री करू नको. मग उजेडात धर."

माझं सर्वांत चांगलं रफू मी माझ्या हातानं काढलं. दोरा दोरा करून. मग कोट साध्या पाण्यात रात्रभर ठेवला, सावलीत वाळवला आणि दुसऱ्या दुपारी खिडकीत बाही धरली. होती! फाटलेल्याच्या दोन्ही बाजूंना, सुईच्या टोकाएवढी, कडेला मेणाचा पिवळा डाग धरून राहिलेली. नऊ आणि नऊ. नीळ देऊनही गेली नव्हती. जीव भांड्यात पडला म्हणावं तर तसंही नाही. भोकं म्हणजे टाके नव्हेत. मी सुई ओवून बसले. त्याच भोकांतून जाड दोरा घालावा, कुणाला काय कळणार आहे? अण्णा बटणं लावत राहिले. मी सुई परत सुयांच्या उशीत टोचली. हे एक तरी मी केलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

जेवणाच्या दिवशी मी साहेबांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर राहिले. कोट फाटलेल्या बाहीसकट हातावर घेतला आणि सुईदोऱ्याचा डबा पिशवीत, का ते मलाही ठाऊक नव्हतं. अंगणात पेरूचं झाड, खाली दहा-बारा म्हातारी माणसं, स्वयंपाकघरातून सांबाराचा वास. ती बाई पुढच्या खोलीत खिडकीजवळ बसली होती. साधी, पंचेचाळिशीची, काळी, ताठ. साहेब दारातच थांबले. मग मीच पुढे होऊन बोलले. सगळं सांगितलं. कसे उसवले, का उसवले, दोरा कुठं गेला. "मी उसवले, साहेबांनी नाही," म्हटलं. "मला नको म्हणाले होते. मी ऐकलं नाही."

ती माझं बोलणं जरा नवलानं ऐकत होती, आमची मराठी तिला बहुधा परकीच वाटली असेल. मग तिनं हात पुढे केला. कोट घेतला, बाही खिडकीकडे उंच धरली आणि बोटानं एकेक भोक मोजत गेली. एका टोकाशी थांबली. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"उलटे गेलेत," ती म्हणाली. "डाव्या हातानं घातलेत. हे त्यांचेच."

मी पाहिलं. खरंच. भोकांचा तिरपा कल आपल्या नेहमीच्या टाक्याच्या उलट होता. दोन दिवस त्यावर डोळे फोडून मला, शिंपिणीला, ते दिसलं नव्हतं.

"डावखुरा होता?" साहेबांनी विचारलं. ते पहिल्यांदाच बोलले. "मला माहीत नव्हतं."

"तुमच्याकडे दोनशे होते," ती म्हणाली. रागानं नाही. मग माझ्याकडे वळली. "सुई आहे?"

मी डबा उघडला. तिनं सर्वांत जाड दोरा निवडला. मग साहेबांना म्हणाली, "घाला."

त्यांनी कोट घातला. ती उठून त्यांच्या उजव्या हाताशी उभी राहिली. साहेब काही तरी बोलायला गेले, बावीस वर्षं घोकलेलं असणार. तेवढ्यात तिनं दोऱ्याचा तुकडा तोडला आणि त्यांच्यासमोर धरला.

"अंगावर शिवतेय. तोंडात धरा."

त्यांनी धरला. दातांत दोरा घट्ट. ती शिवायला लागली, आणि शिवता शिवता बोलायला लागली. तो मच्छी कशी साफ करायचा, डाव्या हातानं लिहितो म्हणून शाळेत मास्तरांनी त्याला कसं मारलं होतं, सुट्टीवर आला की घरातलं फाटकं-तुटकं सगळं कसं शिवत बसायचा, तिची चोळीसुद्धा. साहेब नुसते ऐकत होते. ऐकण्याशिवाय त्यांना काही करताच येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला उजवा हात हलवता येत नव्हता, डावा त्यांनी उचलला नाही.

ती उजव्या हाताची, भोकं डाव्या हाताची, त्यामुळे प्रत्येक टाक्याला सुई अडायची. टाके वाकडे, दोरा ओढलेला, कापडाला चुण्या. माझे हात शिवशिवत होते. मी ते पाठीमागे धरून ठेवले.

नववा टाका झाला. गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला. साहेबांनी तोंडातला तुकडा काढला.

"बाई, ते वळण मी दिलं होतं," ते म्हणाले. "आणि थांबलो नाही."

"ठाऊक आहे. पत्रात लिहिलं होतंत," ती म्हणाली. "कोट राहू द्या तुमच्याकडे. चला, जेवायला बसा, सगळे थांबलेत."